बोरीवरचे आणि बाभळीवरचे

"पण बाबा, भिंत कुठून कुठवर घालायची, तेवढं तरी सांगा."

सोमगीर बाबा वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला कुठून पाहिजे?"

"अंगणाच्या बरोब्बर मधून."

"मग घाल की. मला कशाला विचारायलास?"

बाबा नाही म्हणतील, मग आपण एकेक मुद्दा मांडू, अशी कल्याणगीरची तयारी होती. आदल्या दिवसापासून त्यानं सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. आता त्या मुद्द्यांचं काय करायचं, हे त्याला कळेना.

"तुम्ही कारण विचारलं नाही," तो म्हणाला.

"सांग."

कुंभारझरीच्या माळावरचा हा गोसाव्यांचा मठ. इथं जेवणाच्या दोन घंटा होत. पहिल्या घंटेला अर्धे बसत, दुसरीला उरलेले. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. एका दुष्काळी साली मठात माणसं वाढली आणि चूल होती तेवढीच राहिली. सगळ्यांचा भात एका वेळी शिजेना, म्हणून दोन पंगती झाल्या. ज्याला भूक लवकर लागे तो पहिलीत, ज्याचं मळ्यातलं काम उशिरा आटपे तो दुसरीत. पुढं दुष्काळ सरला, पण सवय लागली ती लागलीच.

कल्याण पहिल्या पंगतीचा. त्याचा गुरुभाऊ सुभानगीर दुसरीचा. दोघांनी दीक्षा एकाच दिवशी घेतलेली, पहिला हिवाळा एकाच घोंगडीत काढलेला.

आणि यंदा शिवरात्रीला फजिती झाली. एरवी दोन्ही पंगती आपापल्या वेळी आरती करत. त्या दिवशी गाव जमलं म्हणून सगळे एकत्र उभे राहिले. पहिल्या पंगतीची चाल संथ, टाळावर. दुसरीची घाईची, डफावर. सुभानची माणसं शेवटच्या कडव्याला पोचली तेव्हा कल्याणची माणसं अजून दुसऱ्यात आळवत होती. गावकरी तोंडावर उपरणं धरून हसले. मग देवासमोरच कल्याण आणि सुभान एकमेकांना नको ते बोलले. तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं.

"सुभाननं ती चाल बाहेरून आणली," कल्याण म्हणाला. "कुठल्यातरी जत्रेत ऐकली असणार. बाहेरचं आत मिसळत गेलं तर आपलं मूळ राहणार नाही. म्हणून भिंत."

"बाहेरूनच आणली कशावरून?"

आता मात्र कल्याण सरसावून बसला. कॉलेजात त्यानं प्राणिशास्त्र घेतलं होतं, आणि मठात ते कुणालाच येत नाही याचा त्याला मनातून आनंद होता.

"बाबा, एकाचे दोन असे बसल्या जागी होत नाहीत. मध्ये काहीतरी आडवं यावं लागतं. डोंगर, नदी, समुद्र. इकडचे इकडे राहतात, तिकडचे तिकडे. मग हळूहळू वेगळे होतात. एकाच अंगणात, एकाच छपराखाली कोण वेगळं होतं? हे शास्त्र आहे."

"अस्सं..."

बाबांनी वात बाजूला ठेवली. पोथी वाचायचं भिंग उशाशी होतं, ते उचलून कल्याणच्या हातात दिलं.

"अंगणात बाभळ हाय, बोर हाय. दोन्हीवर ते काट्यावानी किडे हायत. बघितलेस?"

"बघितलेत."

"एकच हायत का दोन?"

कल्याणनं भिंगातून अंगणाकडे पाहिलं.

"बघ. दोन असले तर बोरीवरचे कुठं संपत्यात आन् बाभळीवरचे कुठं लागत्यात, ती हद्द काढ. तिथं चुन्याची फक्की टाक. त्याच रेघंवर भिंत घाल."

हे तर सोपं होतं. कल्याण फक्कीची पाटी घेऊन अंगणात गेला.

किडा म्हणजे जेमतेम तांदळाएवढा. फांदीला चिकटून बसला की काटाच वाटे. हात लावला की टुणकन उडे, तेव्हा कळे की काटा नव्हता. भिंगाखाली त्याच्या खांद्यांवर दोन शिंगं दिसली. बाभळीवरचे काळपट, शिंगं सरळ. बोरीवरचे तांबूस, शिंगं मागे वळलेली. दोनच होते. कल्याणला बरं वाटलं.

पण हद्द काही सापडेना.

बोर आणि बाभळ इतकी जवळ उभी, की बोरीच्या फांद्या बाभळीत घुसलेल्या. एका ठिकाणी तर बोरीची डहाळी बाभळीच्या डहाळीवर टेकलेली, इकडे तांबूस किडा, तिकडे काळा, मध्ये दोन बोटांचंही अंतर नाही. ना नदी, ना डोंगर. वारा आला की दोन्ही झाडांवरचे किडे एकाच हवेत उडत आणि परतून आपापल्या झाडावर बसत.

त्यानं जमिनीवर एक रेघ मारली. पुसली. पुन्हा मारली. दुसऱ्या पंगतीतली दोन माणसं तिथून जाताना एकमेकांकडे बघून हसली. कल्याण फुगला, पण भिंग काही त्यानं खाली ठेवलं नाही.

"बाबा, ही बोर आणली कुठून?" संध्याकाळी त्यानं विचारलं.

"आणली न्हाई. माझ्या गुरूच्या बी आधीच्या गुरूनं बाजारातली बोरं खाल्ली आन् बी तिथं थुकलं, असं सांगत्यात. त्याच्याआधी इथं नुसती बाभळ."

"आणि बोरीचे किडे?"

"मला काय ठावं? तू शास्त्र शिकलेला."

कल्याण दुसऱ्या दिवशी माळ पालथा घालून आला. दुसरी बोर कुठंच नव्हती. पुरावा म्हणून हे काही भक्कम नव्हतं, त्याच्या प्राध्यापकांनी यावर त्याला नापासच केलं असतं. पण त्याच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. बाहेरून आले नाहीत तर आले कुठून? बाभळीवरूनच?

त्यानं बोरीवरचा एक किडा अलगद धरला आणि बाभळीवर सोडला. किडा थोडा चालला, थांबला, उडून बोरीवर गेला. दुसरा सोडला. तोही गेला. बाभळीवरचे बोरीवर सोडले, त्यांनीही तेच केलं. एक तांबूस किडा तेवढा बाभळीवर राहिला. काळे किडे त्याच्या बाजूनं ये-जा करत होते, पण त्याच्याजवळ कुणी थांबेना. दिवस मावळेपर्यंत तो डहाळीच्या टोकाशी एकटाच बसून होता.

कल्याणला त्याच्याकडे फार वेळ बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीखाली एक तिवई ठेवलेली होती. उंच फांद्यांवरचं बघायला तिचा फार उपयोग झाला. मठात तिवई एकच, सुभानच्या खोलीतली. कल्याणनं ती वापरली, संध्याकाळी पुसून होती तिथं ठेवली, आणि आभार मानायचे राहिले असं स्वतःला सांगितलं.

चैत्र आला. बाभळीला कोवळी पालवी फुटली आणि सालीत घातलेल्या अंड्यांतून काळ्या किड्यांची पिल्लं बाहेर पडली. बोर मात्र पानं झाडून उघडी उभी होती. तिच्या सालीतली अंडी तशीच. त्यानं नखानं साल जरा उचलून पाहिली, अंडी होती, पण हालचाल नाही.

"मेली की काय?" तो बाबांना म्हणाला.

बाबा हसले.

वैशाखात काळी पिल्लं मोठी झाली. त्यांना शिंगं फुटली. जोड्या जमल्या, माद्यांनी बाभळीच्याच सालीत अंडी घातली, आणि बाभळीवरची गडबड ओसरली. बोर अजून उघडीच. बाबांच्या दाराशी भिंतीसाठी आणलेल्या विटा पडून होत्या. पहिल्या पंगतीतले विचारत, "काम कधी धरायचं?" कल्याण म्हणे, "हद्द सापडू द्या." भिंतीचा विषय निघाला की हल्ली त्याला उगाच राग येई.

मृग लागला. बोरीला तांबूस कोंब आले. दोनेक दिवसांत तिच्या सालीतून पिल्लं बाहेर पडली, कोंबांना चिकटली आणि रस ओढू लागली.

कल्याण तिवईवर उभा होता. त्यानं भिंग खाली घेतलं. बाभळीकडे पाहिलं, बोरीकडे पाहिलं. मग तिवईवरून उडी मारून तो थेट बाबांच्या खोलीकडे धावला.

"बाबा! हद्द नाहीच!"

"बस. दम घे."

"मध्ये काही आडवं नाही. काहीच नाही! नुसती वेळ वेगळी आहे. बाभळीवरचे आधी जेवतात, बोरीवरचे नंतर. बाभळीच्यांची लग्नं उरकतात तेव्हा बोरीचे अजून अंड्यात असतात. ज्याच्याबरोबर जेवायचं, त्याच्याशीच गाठ पडणार. जोडी जमायच्या दिवसांत दुसऱ्याशी भेटच होत नाही. कधीकाळी बाभळीवरचेच दोन-चार चुकून बोरीवर गेले असतील, रस मिळाला, राहिले. मग त्यांची पोरं तिथलीच, नातवंडं तिथलीच. बोरीचा रस जेव्हा येतो तेव्हाच अंडं फुटायची सवय लागली. रंग बदलला. शिंगं बदलली. कुणी भिंत घातली नाही बाबा, कुणी कुणाला हाकललं नाही. एक पंगत उठायची, मग दुसरी बस..."

तो थांबला.

स्वयंपाकघराकडून घंटा झाली. दुसरी घंटा.

अंगणातून माणसं हातपाय धुऊन जेवायला निघाली होती. त्यांत सुभान होता. त्यानं बोरीखालची रिकामी तिवई पाहिली, इकडेतिकडे कुणाला तरी शोधल्यासारखं केलं आणि आत गेला.

बाबा पुन्हा वाती वळू लागले होते. वळता वळता ते आरती गुणगुणत होते. कल्याणनं आधी लक्ष दिलं नाही. मग दिलं. चाल संथ नव्हती. घाईचीही नव्हती. टाळाची नव्हती, डफाचीही नव्हती.

"ही कुणाची चाल, बाबा?"

"माझ्या गुरूची."

"आम्हाला कधी शिकवली नाहीत..."

"हीच शिकवली व्हती. तुला बी, सुभानला बी. एकाच दिवशी."

कल्याणनं ती मनातल्या मनात म्हणून पाहिली. कुठं ताणली, कुठं आळवली, कुठला सूर आपण नंतर चढवला, त्याला एकेक जागा सापडत गेली. मूळ म्हणून जी चाल तो इतके दिवस छातीशी धरून बसला होता, ती मूळ नव्हतीच.

"पण सुभाननं जत्रेतून..."

"सुभान जत्रंला कधी गेलता?"

कल्याणला आठवेना. कारण सुभान कधीच गेला नव्हता. मळा सोडून तो कुठंच गेला नव्हता.

बाहेर पंगतीत वाढणाऱ्याचा आवाज येत होता.

"बाबा, मग वेगळं होणं चूक आहे का?" कल्याणनं हळूच विचारलं. "त्या किड्यांचं काय चुकलं?"

"त्यांचं काय चुकायचंय? दोघं बी सुखात हायत." बाबांनी वात तेलात बुडवली. "त्यांना कुठं सुभानची आठवण यायलीय..."

कल्याणचे डोळे भरून आले. शिवरात्रीपासून एकही दिवस असा गेला नव्हता, की त्याला सुभानची आठवण आली नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानं भिंग पुसून बाबांच्या उशाशी ठेवलं. फक्कीची पाटी उचलली. दारापर्यंत गेला आणि वळला.

"त्या विटांचं काय करू? एवढ्या आणून टाकल्यात."

बाबा उठले. त्याच्याबरोबर दाराशी आले. ढिगातली एक वीट उचलून त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. खणखणीत वाजली.

"चांगल्या भाजल्यात," बाबा म्हणाले. "चूल घाल. मोठी."