दिवाणसाहेबांच्या मिशा आणि पोरांच्या पाट्या

कोंढवळ संस्थानच्या दिवाणसाहेबांना दोनच गोष्टींचा भारी अभिमान, आपल्या हुकमाचा आणि आपल्या मिशांचा. एकदा ते शाळा बघायला गेले. भिकाजीपंतोजी बेरीज शिकवत होते. मधेच थांबून ते म्हणाले, "पाट्या वर करा रे!" भराभर पाट्या वर झाल्या. ज्यांचा हातचा राहिला होता त्यांना पंतोजींनी जवळ बसवलं आणि चिंचोके मांडून पुन्हा समजावलं.

दिवाणसाहेब कडाडले, "हा काय पोरखेळ? सारखं थांबून काय बघता? वर्षाच्या शेवटी परीक्षा आहे, तेव्हा कळेलच. तोवर पाट्या बघाल तर शाळेला कुलूप!"

दसऱ्याच्या दरबाराची सकाळ उजाडली. न्हावी दिवाणसाहेबांच्या मिशा कातरायला बसला होता. तेवढ्यात पंतोजी मुजरा करायला आले आणि त्यांनी समोरचा आरसा अलगद उचलून पालथा ठेवला.

"अहो, आरसा का काढलात?"

"सारखं काय बघायचं, सरकार? कातरून झाल्यावर कळेलच."

"वेडे आहात की काय? एक बाजू जास्त उडाली तर मग कळून काय उपयोग?"

"मिशी काय, महिन्याभरात पुन्हा येईल, सरकार. पोरांचं गेलेलं वर्ष मी कुठून आणू?"

न्हाव्याची कात्री थांबली. दिवाणसाहेब आधी लालबुंद झाले, मग मिशीतल्या मिशीत हसले.

"पंतोजी, तो आरसा द्या इकडे," ते म्हणाले, "आणि शाळेत जाऊन पाट्या बघा."