धुक्यातले दुसरे टोक

खाडीकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध दोर वळणारे राहत असत. त्यांनी वळलेला काथ्याचा दोर नांगराला असला की खलाशी वादळातही निर्धास्त झोपत. दोर वळायला माणसे दोन लागतात. एक चाक फिरवून पीळ देतो, दुसरा लांबवर टोक धरून उभा राहतो. पीळ चढतो तसा दोर आखडतो आणि टोक धरणाऱ्याला हळूहळू पुढे यावे लागते. पीळ अधिक झाला तर दोर तुटतो, कमी पडला तर समुद्रात उसवतो.

चाक त्यांचा शिष्य फिरवी, टोक वृद्धाकडे असे. वृद्ध आता फार खंगले होते. गावच्या गलबताला नवा दोर हवा होता.

“बाबा, तुमच्या माघारी मी दोर वळायचा नाही,” शिष्य म्हणाला. “माझ्या दोरापायी कुणी बुडालं तर?” या भयाने त्याची झोप उडाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाट धुके पडले. टोक घेऊन वृद्ध उलट्या पावलांनी धुक्यात दिसेनासे झाले. “फिरव!” लांबून हाक आली.

शिष्य फिरवू लागला. दोर नेहमीसारखाच ताणला जाई, नेहमीसारखाच सैलावे. मग वाळूवरून काहीतरी फरफटत येत असल्याचा आवाज आला. बाबांची पावले अशी वाजत नसत.

“बाबा?”

फरफट जवळ आली. धुक्यातून एक काळा धोंडा सरपटत बाहेर आला. टोक त्यालाच बांधलेले होते. शिष्य चाक सोडायला निघाला.

“थांबू नकोस, पीळ उतरेल,” आवाज आला, तो नेमका त्याच्या पाठीमागून.

वृद्ध काथ्याच्या ढिगावर बसले होते. “मी केव्हाचा इथं आहे. धोंड्याला काय कळतं रे? तू ओढलंस तेवढा तो सरकला. मीही इतकी वर्षं तेवढंच करत होतो. पीळ तुझाच होता. तुला फक्त वाटत होतं, की पलीकडून कुणीतरी सांभाळतंय.”

शिष्य रडला, पण चाक थांबले नाही.

गलबत निघण्यापूर्वीच वृद्ध गेले. त्या वर्षी मोठे वादळ झाले आणि गलबत सगळ्या माणसांसह परत आले.

शिष्य आता धोंडा बांधून एकटाच दोर वळतो. धुक्यातली फरफट ऐकून तो दचकत नाही. कधी पाठीमागे काथ्याच्या ढिगावर कुणी टेकल्याची चाहूल लागते. तो मागे वळून पाहत नाही. पाहिले तर पीळ उतरेल.