हिवरमाळच्या देवळाची न बसवलेली पायरी

जपून हं! जोतं गुडघाभर उंच आहे. हात द्या इकडं. पायरी कुठं म्हणता? ती काय, लिंबाखाली पडलीय, चांगली घडीव, चार हात लांब. आम्हीच बसवत नाही. मागं एक शहाणे पाहुणे सिमेंट देऊ करत होते. म्हटलं, तुमच्या बंगल्याला लावा. चाळीस वर्षं या देवळाची झाडलोट करतेय मी. हो, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो.

हे बांधलं तेव्हा हिवरमाळात ख्रिस्ती घरं सातच होती, असं सांगतात. त्यातलं पहिलं दीनाबाईचं. दीनाबाई विधवा, तिची एकुलती एक लेक राहेल. बाप गेल्यावर मायलेकींनी एका ताटात जेवून दिवस काढलेले. देवळात आईच्या उजव्या अंगाला राहेलच बसायची. दुसऱ्या कुणाची तिथं बसायची टाप नव्हती.

बांधकामाला दगड घडवणाऱ्या वडारांची टोळी आली. तिच्यात तिम्मव्वा होती. नवरा सुरुंगात गेलेला, मूलबाळ नाही. काम संपलं, टोळी पुढं गेली, आणि ही तापानं फणफणत मागं राहिली. दीनाबाईनं तिला घरी आणलं, पेज भरवली. त्या घरातली रोजची प्रार्थना ऐकता ऐकता तिम्मव्वाला येशूची ओढ लागली. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "आजपासून ही देवाच्या घरातली." दीनाबाईनं भर मंडळीत तिला पोटाशी धरलं. म्हणाली, "आता मला दोन लेकी."

झालं! राहेलच्या अंगाचा तिळपापड. आईनं तिम्मव्वाच्या केसांना तेल लावलं की ही जळायची, 'तिमे' म्हणून हाक मारली की जळायची. उजवी जागा हिचीच होती हो, पण हिला वाटायचं, आई डावीकडं, तिम्मव्वाकडंच कलते. पाणवठ्यावर सांगत सुटायची, "कालची आलेली ही, आणि माझ्या आईला आई म्हणते!"

पायरी तेवढी बसवायची राहिली होती. तिम्मव्वानं ती एकटीनं घडवली होती, देवळाला आपली भेट म्हणून. देऊळ अर्पण करायचा दिवस ठरला. आधी पायरी बसवायची, मग प्रभुभोजन, म्हणजे पाळकसाहेबांनी भाकर मोडायची आणि सगळ्यांनी तिच्यातलाच तुकडा खायचा. सकाळी मंडळी येऊन बघते तर राहेल त्या पायरीवर मांडी ठोकून बसलेली. म्हणाली, "हिच्या हातची पायरी चढून मी आत जाणार नाही, नि ती बसवूही देणार नाही."

लोक कसेबसे एकमेकांना हात देत वर चढले. पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. म्हणाले, "घरातलं एक माणूस बाहेर बसलंय. मोडू कशी?"

दीनाबाई दोनदा समजवायला गेली. राहेलनं तोंड फिरवलं. "जा, तुला तुझी लाडकी आहे की." आई डोळे पुसत परत आली. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेनं किरकिरायला लागली.

शेवटी तिम्मव्वा उठून बाहेर पडली. सगळ्यांना वाटलं, ही आता गाव सोडते. राहेललाही तसंच वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं म्हणे. पण तिम्मव्वा आली ती पायरीवर तिच्या शेजारीच बसली.

"राहेलताई, माझा हेवा वाटतो?"

"वाटतो. तुला बघून जळफळाट होतो माझा."

"मलाबी तुझा वाटतो. रोज. तुला आईनं नऊ महिने पोटात वागवलं. मला ते कुठनं मिळणार?"

राहेल वळून बघायलाच लागली. आपलाही कुणी हेवा करत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आईनं लेक म्हटलं," तिम्मव्वा म्हणाली, "पण तू बहीण म्हणाली नाहीस, तर मी बाहेरचीच. म्हणून इथं बसले."

राहेल पायरीवरून उठली. मग म्हणाली, "माझा हेवा काही गेला नाही अजून."

"माझाबी नाही. तसंच चल."

राहेल आधी वर चढली आणि वाकून तिनं तिम्मव्वाला हात दिला. आत नेऊन तिला आईजवळ नाही, आपल्या शेजारी बसवलं. मग भाकर मोडली.

दुसऱ्या दिवशी माणसं पायरी बसवायला आली, तर पुन्हा राहेलच आडवी. "राहू द्या तिथंच. उद्या परत जळले तर बसायला जागा नको?"

आजही प्रभुभोजनाच्या दिवशी ज्याच्या पोटात दुखतं, तो त्या पायरीवर जाऊन बसतो. ज्याचा हेवा वाटतो, त्यानंच उठून जायचं, शेजारी बसायचं आणि हाताला धरून आत आणायचं. तोवर भाकर मोडत नाहीत. हसता काय? या ईस्टरला मीच बसले होते. धाकट्या जावेला नातू झाला आणि माझी सून अजून कोरडीच. जाऊबाई आली, पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बसा हवं तेवढं. याला ऊन लागतंय मात्र."

काय करता, उठले. आत पाळकसाहेब विचारतात, "गेला का हेवा?" म्हटलं, "हेव्याचं नंतर बघू. पोर मी आता देत नाही."