एका झडपेच्या खिडक्या

मोन्तेरुगोच्या उतरत्या गल्लीत शिरताना मला पहिल्यांदा खटकल्या त्या खिडक्या. प्रत्येक घराला गल्लीच्या बाजूने एक तरी खिडकी अशी, जिला झडप एकच. दुसऱ्या बाजूला नुसत्या गंजलेल्या बिजागऱ्या. घरं बंद आणि ही एक खिडकी मात्र अर्धी उघडी. आतून कुणीतरी बघतंय असं वाटून मी ह्यांचा दंड धरला.

"अगं, झडप तुटली असेल," हे म्हणाले.

"सगळ्यांची? आणि एकाच बाजूची?"

"मग तुझ्यासारखी घाबरट माणसं राहत असतील. सारखं डोकावून बघायला बरं."

लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. रोम, फ्लॉरेन्स, सिएना असे आम्ही हिंडत आणि खात निघालो होतो. मी घुमट बघायचे, हे मेनूकार्ड बघायचे. रोममध्ये चीज-मिरपुडीचा पास्ता ह्यांनी सलग तीन दिवस खाल्ला. आता सहा वर्षांनी कुठल्या चर्चमध्ये कुठलं चित्र होतं ते मला सांगता येणार नाही, पण फ्लॉरेन्सच्या पुलावर ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडलेला पिस्ता आइस्क्रीमचा डाग नीट आठवतो. सिएनापासून बसने दीड तासावरचं हे डोंगरावरचं गावही ह्यांनी शोधून काढलं ते तिथल्या मेंढीच्या चीजसाठी.

गल्लीच्या माथ्यावर, कारंज्यासमोर, ओर्तेन्सियाबाईंची चार टेबलांची खानावळ होती. बाई ऐंशीच्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी घेवड्याचं दाट सूप आणि पाव पुढे ठेवला. पाव अगदी अळणी. मी पर्समधून मेतकुटाची डबी काढली. बाईंनी बोट लावून चाखलं आणि डबी आपल्याकडे ओढून घेतली.

"नवऱ्यापेक्षा ही जास्त उपयोगाची आहे," त्या म्हणाल्या.

ह्यांना मात्र अळणी पावावर खारट चीजच हवं होतं. चीजवाला गल्लीच्या तळाशी, तटाबाहेर. "अर्ध्या तासात येतो. तू तुझ्या खिडक्यांची चौकशी कर," म्हणून हे उठलेच. ह्यांचा मोबाइल चार्जिंगला लावला होता, तो टेबलावरच राहिला.

मग मी बाईंना खिडक्यांचं विचारलं. त्यांनी हात पुसले आणि माझ्यासमोर बसल्या.

असं सांगतात की चारशे वर्षांपूर्वी हे गाव मीठ वाहणाऱ्यांचं होतं. नेल्लो नावाचा एक तरुण खेचरावर मीठ लादून खालून वर यायचा. त्याची बायको ब्रिजिदा संध्याकाळी कारंज्यापाशी उभी राहायची. एका हिवाळ्यात असं धुकं उतरलं, की स्वतःचा हात दिसेना. नेल्लो आला नाही. ब्रिजिदा हाका मारू लागली. नेल्लो, नेल्लो! साऱ्या गल्लीने ऐकलं. पण ती नेल्लोला बोलावते आहे, आपल्याला नाही, असं म्हणून प्रत्येकाने थंडीसाठी आपापल्या झडपा ओढून घेतल्या.

नेल्लो तटाबाहेरच्या वळणावर होता, म्हणे. तिची हाक त्याला ऐकूही आली. पण भिंतींवर आपटून ती चहूकडून येत होती, वाट कुठली ते कळेना. घराघरातून कुणी ओ दिली असती, तर त्या आवाजांमागून तो चालत वर आला असता. त्याने एक पाऊल चुकीच्या बाजूला टाकलं. सकाळी दरीत मीठ सांडलेलं दिसलं.

ब्रिजिदाने कुणाला शाप दिला नाही. तिने चूल विझवली. दर संध्याकाळी ती कारंज्यापाशी यायची आणि हाक मारायची, पण नाव न घेता. जी हाक कुणाचीच नाही ती सगळ्यांची. तिला ओ येईल तेव्हाच चूल पेटवीन, असा तिचा नेम. चाळीस दिवस ती शेजारणीने दिलेल्या कच्च्या कांद्यावर राहिली. चाळिसाव्या दिवशी सुताराने आपल्या खिडकीची एक झडप उखडली, तिच्या दारात आणून टाकली आणि ओ दिली. मग प्रत्येक घराने तसंच केलं. त्या लाकडांवर तिची चूल पेटली आणि त्या रात्री सारं गाव तिच्या घरचा पाव जेवलं.

"आजही धुक्यात कुणी बिननावाची हाक मारली, तर ऐकणाऱ्याने ओ द्यायची," बाई म्हणाल्या.

"देतात?"

त्यांनी सुरीने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. "पूर्वी या गल्लीत चाळीस घरं नांदती होती. आता माझं सोडून सात. मुलं सगळी मिलानला. वीस वर्षांत तशी हाकच कुणी मारलेली नाही. प्रत्येकाकडे फोन असतो."

माझी नजर ह्यांच्या मोबाइलवर गेली. मग खिडकीकडे. बाहेर धुकं उतरलं होतं, समोरचं कारंजं दिसत नव्हतं. ह्यांना जाऊन तास उलटला होता.

"चीजवाल्याकडून येण्याची वाट कुठली?"

"तीच, नेल्लोची," बाई म्हणाल्या. "वळणावरचा कठडा परवाच ढासळला आहे."

मी धावतच बाहेर आले. बाई मागून आल्या. "नाव काय त्याचं?"

"श्रीरंग."

"ते घेऊ नकोस."

त्यांना काय सांगणार? नावाने हाक मारायची मला सवयच नव्हती. सासूबाईंसमोर "अहो" म्हणायचं, म्हणून मग त्या नसतानाही अहोच. एम.ए. झालेली बाई, म्हणून मैत्रिणी अजून चिडवतात.

"अहो!"

माझाच आवाज चारी बाजूंनी परत आला.

"अहोऽ!"

काही नाही. मी बाईंकडे पाहिलं. "तुम्ही तरी द्या."

"माझी ओ धरायची नाही. ही हाक मीच तुला शिकवलीय." त्यांनी शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मी ह्यांच्यासाठी घाबरले होते, बाई गल्लीसाठी.

त्या खिडक्यांना आजही झडप एकच आहे. ओर्तेन्सियाबाईंचं नाताळचं कार्ड येतं, त्यात तसं लिहिलेलं असतं आणि खाली मेतकुटाची मागणी. पण त्या संध्याकाळी, तिसऱ्यांदा हाक मारताना, मला ती प्रत्येक खिडकी रिकामी वाटली होती.

"अहोऽऽ!"

डावीकडे कुणीतरी खोकलं. खुर्ची सरकली. आणि एक म्हातारा घोगरा आवाज आला, "ओ!"

त्याच्या खालून एका बाईचा. मग समोरून. मी बोटांवर मोजत होते. आवाज एकेक घर खाली उतरत गेले, पाच, सहा, तटापाशी सात. बाईंनी डोळ्यांना शाल लावली.

मग सगळं शांत झालं. आणि अगदी तळातून, धुक्याच्या पलीकडून, आठवी ओ आली, ती मराठीत होती.

"अगं, आलो!"