ठमीचा डबा

"मग आता आणखी कोणता डबा आणू, महाराज?"

यशोधरच्या आवाजात काकुळती कमी आणि वैताग जास्त होता.

तात्याबुवा ओसरीवर बसून फाटकी झोळी शिवत होते. त्यांनी सुईतून नजर काढली नाही.

"आजही नाही खाल्लं?"

"वास घेतला. नाक मुरडलं. पाठ फिरवून बसली."

खांबाशी ठमी बसली होती. पांढरी, पाठीवर एक मोठा काळा ठिपका. मठात आली तेव्हा चांगली गुबगुबीत होती. आता हात फिरवला की फासळ्या लागत.

ठमी यशोधरच्या आईची. आई गेली आणि शेजारच्या सुभद्रामावशी टोपली घेऊन थेट मठात आल्या. "तुझ्या आईचा हिच्यात जीव होता रे. आता तूच बघ हिच्याकडे," म्हणाल्या, आणि टोपली ठेवून गेल्या. नाही म्हणायलाही त्यांनी वेळ दिला नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?" बुवांनी विचारलं.

"आजार काही नाही म्हणाले. पण मांजर असं उपाशी राहिलं की आतून बिघडतं. आज-उद्या पोटात काही गेलं नाही, तर हातची जाईल."

"हं."

"तालुक्याच्या दुकानात होते नव्हते ते सगळे डबे आणून झाले, महाराज. मासळीचा आणला, कोंबडीचा आणला, काळजाचा आणला. दुकानदार म्हणतो, काय महाराज, मठात हल्ली हे चालतं का? चार गिऱ्हाइकं उभी होती. सगळी माझ्या प्रवचनाला येणारी. मान वर करायची सोय राहिली नाही मला."

बुवांना हसू आलं असावं. दाढीमुळे नीट कळलं नाही.

यशोधरच्या प्रवचनांना गर्दी होई, हे खरं होतं. त्याचा विषय ठरलेला, जीभ. जिभेला जिंकलं की सगळं जिंकलं, हे तो अशा गोड वाणीने सांगे की ऐकणारे घरी जाऊन एक वेळ तरी अळणी जेवत. स्वतः तर तो फारच कडक होता. मठाची रीत अशी, की गावातून मागून आणलेलं अन्न झोळीतच एकत्र कालवायचं, मग झोळी नदीत बुडवायची. तिखटमीठ, गोडआंबट सगळं वाहून गेलं की उरेल ते खायचं. बाकीचे साधक एकदा बुडवत. यशोधर दोनदा बुडवी. आणि दुसऱ्यांदा बुडवताना आजूबाजूला कोणी बघतंय का, तेही बघे.

"तुझी आई कोणता द्यायची?"

"हाच." यशोधरनं पंच्याखालून डबा काढला. बाकीच्यांना दिसू नये म्हणून तो डबे पंच्याखाली लपवून आणायचा. पत्र्याचा छोटा डबा, वर मासोळीचं चित्र आणि एका लठ्ठ, सुखी मांजराचं तोंड. "सुभद्रामावशींनी सांगितलं म्हणून सगळ्यात आधी हाच आणला होता. आज पुन्हा दोन आणलेत. आईच्या घरी ताट चाटून पुसून ठेवायची म्हणे. इथं तोंड लावत नाही."

"डबा तोच?"

"तोच."

"मांजर तेच?"

"महाराज…"

"विचारतो आपलं."

यशोधरनं मोठा श्वास घेतला. "स्पष्ट बोलू का? आईनं हिला लाडावून ठेवलंय. जिभेचे चोचले आहेत हे, दुसरं काही नाही."

बुवांची सुई थांबली.

"आई कशी द्यायची?"

"मला काय ठाऊक?"

"शेवटी तू होतास ना तिच्याजवळ?"

"होतो."

"मग?"

यशोधरनं डबा पुन्हा पंच्याखाली सारला. ठमीनं एकदा डोळे उघडले, आणि मिटले.

बुवांनी दोरा तोडला. "चल. तू कसा देतोस, ते दाखव मला."

घाट मठाच्या मागेच होता. ऊन पाण्यावर आलं होतं. यशोधरनं ठमीला उचलून पायरीवर ठेवलं. ती ठेवली तशी बसली. पळून जाण्याइतकं बळही तिच्यात नव्हतं.

त्यानं डबा उघडला. वास सुटला, तसं त्यानं तोंड बाजूला केलं. ठमीचे कान उभे राहिले.

बुवांनी ते कान पाहिले. यशोधरनं पाहिले नाहीत. तो फडकं पसरण्यात गुंतला होता.

फडक्यावर त्यानं डबा उपडा केला. चारी टोकं धरून पुरचुंडी बांधली. मग खाली उतरून ती नदीत बुडवली. एकदा. वर काढून पिळली. पुन्हा बुडवली.

तपकिरी रस्सा पाण्यात पसरला. कुठून कोण जाणे, बारीक मासे गोळा झाले आणि त्यांनी क्षणात फडशा पाडला.

पुरचुंडीत पांढुरके, चोथ्यासारखे तुकडे उरले होते. ते यशोधरनं अगदी व्यवस्थित ठमीपुढे मांडले.

ठमी पुढे वाकली. वास घेतला. वास नव्हताच. मान वर करून तिनं एकदा यशोधरकडे पाहिलं, आणि हळूच पाठ फिरवून बसली.

"पाहिलंत?" यशोधर म्हणाला.

"पाहिलं."

"रोज असंच."

"रोज धुतोस?"

"म्हणजे काय! आपल्या मठात चव लावून कोण खातं, महाराज? माणसांनी बुडवायचं आणि मांजरानं रस्सा चापायचा? आल्यागेल्यानं पाहिलं तर काय म्हणेल?"

बुवांनी नदीकडे पाहिलं.

"ठमीनं दीक्षा कधी घेतली रे?"

यशोधर चोथ्याचे तुकडे फडक्यावर पुन्हा गोळा करू लागला.

"दुसरा डबा दे इकडे," बुवा म्हणाले.

"महाराज, तुम्ही हात नका लावू. मासळी आहे त्यात."

"ते चित्रावरून कळलं मला."

बुवा पायरीवर मांडी घालून बसले. डबा उघडला. धुतला नाही, पिळला नाही. दोन बोटं रश्शात बुडवली आणि ठमीच्या नाकापुढे नुसती धरली. पुढे सारली नाहीत. "घे" म्हणाले नाहीत. हात तसाच धरून बसून राहिले.

ठमीनं मान वळवली.

नाक हललं. मिशा हलल्या. ती थांबली… मग जीभ बाहेर आली आणि बोटाला लागली.

एकदा. पुन्हा एकदा. मग दोन्ही बोटं तिनं स्वच्छ करून टाकली. बुवांनी तळहातावर रस्सा ओतला, त्यात दोन तुकडे चुरले. ती तेही खाऊ लागली. खाताना घशातून बारीक गुरगुर येत होती, भांडायला उठल्यासारखी. इतक्या दिवसांची भूक होती ती.

ज्या हातानं बुवा सकाळी पादुकांना चंदन लावत, तो हात मनगटापर्यंत माशाच्या रश्शानं माखला. बुवांनी त्याकडे पाहिलंही नाही.

यशोधर उभा होता. ठमी जेवली, ती वाचणार, याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. तसा तो झालाही, पण त्याच्या मागून दुसरंच काहीतरी वर आलं. तो खालच्या पायरीवर बसला.

"महाराज…"

बुवांचं लक्ष मांजराकडे होतं.

"आईनं लोणचं मागितलं होतं."

बुवांनी वर पाहिलं.

"शेवटच्या आठवड्यात. म्हणाली, तोंडाला चव नाही रे, लिंबाच्या लोणच्याचा एवढासा खार दे. बरणी समोर फळीवर होती. तिनंच घातलेलं लोणचं. डॉक्टरांची मनाई नव्हती. हवं ते द्या, म्हणाले होते."

"मग?"

"मी पेज दिली. अळणी."

घाटावर कोणी नव्हतं. तरी त्यानं आवाज खाली आणला.

"आणि म्हणालो, आई, आता तरी जिभेचे चोचले सोड."

"ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, बरं बाबा, तू म्हणतोस तसं."

"जेवली?"

"दोन घास. मग भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर काही मागितलंच नाही तिनं."

ठमी खातच होती.

"अजून आहे," यशोधर म्हणाला.

"बोल."

"पुढच्या प्रवचनात मी ते सांगितलं. माझ्या आईनं शेवटच्या घटकेला जीभ जिंकली, म्हणून सांगितलं. लोक रडले, महाराज. बायका येऊन माझ्या पाया पडल्या… मी पडू दिलं."

आता त्याला बुवांच्या तोंडाकडे बघवेना. त्यानं नदीकडे पाहिलं, तर तिथं ते मासे होते. फडक्याकडे पाहिलं, तर तिथं चोथा होता. कुठंच बघायला जागा राहिली नाही. शेवटी त्यानं ओंजळीत तोंड लपवलं. ओंजळीलाही मासळीचा वास होता. तो त्यानं पहिल्यांदाच पोटभर घेतला.

डोळे पुसून तो ताठ बसला. आवाजात पुन्हा ती प्रवचनातली धार आली.

"महाराज, मला प्रायश्चित्त द्या. आजपासून पेजही सोडतो. निर्जळी उपास धरतो. तुम्ही म्हणाल तितके दिवस."



तळहात रिकामा झाला होता. ठमी तो अजूनही चाटत होती. मग थांबली आणि मान वर करून इकडे तिकडे पाहू लागली.

बुवांनी अर्धा उरलेला डबा उचलला आणि यशोधरच्या मांडीवर ठेवला.

"तिला विचार, अजून हवंय का."