साळुंकीचा नवा शब्द

बाळांनो, एका जंगलाच्या कडेला पाहुण्यांसाठी विश्रामगृह बांधलेले होते आणि त्याच्या वळचणीला एक साळुंकी राहत असे. पाहुण्यांच्या तोंडचे मोठमोठे इंग्रजी शब्द तिने जसेच्या तसे उचलले होते. "मॅग्निफिसंट!" असे ती ओरडली, की हरणे कौतुकाने माना वर करत. एक खार मात्र जवळ येऊन विचारी, "ताई, म्हणजे काय गं?"

"असले शब्द म्हणायचे असतात, विचारत बसायचे नसतात," साळुंकी ऐटीत सांगे.

खारीला चैन पडेना. ती विश्रामगृहाच्या आवारातल्या जांभळीवर जाऊन बसू लागली. उंच धबधब्याकडे पाहून एक बाई तोच शब्द म्हणाल्या. पुढे पिसारा फुलवलेला मोर दिसला, तेव्हा एक आजोबाही तेच म्हणाले. "पाहून डोळे दिपले की हा शब्द!" खारीला इतका आनंद झाला, की तोंडातले जांभूळ खाली पडले तरी तिला कळले नाही.

एका कडक उन्हाच्या दुपारी साळुंकी पाणवठ्यावर ओरडत आली, "इव्हॅक्युएट! इव्हॅक्युएट!" नवा शब्द ऐकून सगळे खूश झाले. ससे तर त्या तालावर उड्या मारू लागले.

खारीने विचारले, "हे कोण म्हणालं?"

"वनरक्षक. भोंग्यातून."

"मग पाहुण्यांनी काय केलं?"

साळुंकी आठवू लागली. "भरली ताटं तशीच टाकली. मुलांना उचललं, गाड्यांत बसले आणि नदीपलीकडे गेले..." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला.

खार सरसर सागाच्या शेंड्यावर चढली. खालून कोणाला दिसत नव्हते, पण टेकडीमागे धुराचे लोट उठत होते. "वणवा! जागा सोडून निघा, असं सांगत होते ते!"

हरणे नदीकडे धावली. साळुंकी बिळाबिळापाशी जाऊन "निघा, निघा!" असे साध्या शब्दांत ओरडत राहिली. संध्याकाळपर्यंत पाणवठ्याचे गवत जळून काळे झाले. प्राणी मात्र पिलांसकट पलीकडच्या काठावर सुखरूप होते.

पावसाळ्यानंतर पाहुणे परतले. एका मुलीने बोट दाखवून कुठलासा अवघड शब्द उच्चारला. साळुंकीने चोच उघडली, पुन्हा मिटली आणि ती खारीशेजारी जाऊन बसली. "थांब गं," ती हळूच म्हणाली, "ती कशाकडे बघतेय, ते आधी पाहू."

तात्पर्य : शब्द नुसता पाठ करून उपयोगी पडत नाही, तो कोणी, कुठे आणि कशासाठी उच्चारला हे शोधले, तरच त्याचा अर्थ आपला होतो.