पाठ फिरवायची शिळा

शिवणखोल गावात देवळाच्या मागे गेलात की शिवणीचं एक जुनं झाड लागतं. त्याच्या फांद्यांना लाकडी पळ्या टांगलेल्या दिसतील. एकही पुरी नाही. दांडा झालेला, पण वाटी कोरलेली नाही. झाडाखाली कमरेइतकी उंच काळी शिळा आहे. खंडेनवमीला, म्हणजे गावोगाव हत्यारं पुजतात त्या दिवशी, या शिळेवर झेंडू वाहून सात सुऱ्या मांडतात. ज्याला पळ्या करायला शिकायचं आहे तो एकटा पुढे जातो आणि आपली सुरी उचलतो. त्या वेळी सगळी वडीलधारी मंडळी शिळेकडे पाठ करून उभी असतात. खोकायचंसुद्धा नाही.

पाहुण्यांना याची गंमत वाटते. इथल्या बाजारात सुऱ्या विकणाऱ्या कुणालाही विचारा, दर मोसमात एक तरी कुटुंब येतं आणि म्हणतं, "मुलीला चमचे कोरायचा नाद लागलाय. बोट कापणार नाही अशी सुरी द्या." शहाणा दुकानदार त्यांना चहा पाजतो, बसवतो आणि आधी शिळा दाखवून आणतो. विक्री मग होते किंवा होत नाही.

असं सांगतात की फार पूर्वी देवीच्या महाप्रसादाची पळी करायचा मान सोनू मेस्त्रीच्या घराकडे होता. दरवर्षी नवी पळी, शिवणीच्या ओल्या लाकडाची. सोनूचा हात असा, की लाकूड आपणहून बाजूला होतं म्हणत. पण त्याला कापरं भरलं आणि पळीच्या कडा वाकड्या येऊ लागल्या. गावाने ठरवलं, येत्या नवमीला घरातल्या पुढच्या हाताने केलेली पळी देवीपुढे ठेवावी. नाही जमलं तर मान चुलतघरी जाईल. घरात पुढचा हात एकच होता, त्याची मुलगी आवडा. बायको गेल्यापासून सोनूचं सगळं जग म्हणजे ती पोर.

सोनूने तिच्यापुढे घरातल्या सुऱ्या मांडल्या. ती हस्तिदंती मुठीच्या लांब सुरीला भुलेल, असं त्याला वाटलं होतं. नवशिके तिथेच फसतात. तिने तिला हातही लावला नाही. एकेक मूठ तळव्यात धरून पाहिली आणि शेवटी आईची सुरी उचलली. बोटाएवढं पातं, टोक गोल, मूठ आईच्या अंगठ्याने झिजलेली. तिने ती नखावर टेकवली. पातं घसरलं नाही, नखात रुतलं. "बाबा, हीच," ती म्हणाली.

निवड अचूक होती. स्वतः सोनूनेही तीच दिली असती. पण त्याची नजर त्या नखावरच राहिली. त्याने उभ्या जन्मात पुष्कळ कापलेले हात पाहिले होते. दुपारी आवडा पाण्याला गेली, तेव्हा तो सुरी घेऊन ओढ्यावर उतरला आणि तिची धार दगडावर उलटी घासून मारली, सुरी बोथट केली. म्हणे, घासताना त्याचा कापरा हात अगदी स्थिर होता.

मेस्त्र्यांच्या घरचा रिवाज असा, की शिकणाऱ्याने पहिलं वर्षभर धारेच्या दगडाला हात लावायचा नाही. धार लावणार तो गुरूच, आणि धार आहे की नाही हेही तोच सांगणार. त्यामुळे आवडाला संशय यायचं कारणच नव्हतं. सुरी चालेना, तेव्हा तिने बापाला विचारलं. तो म्हणाला, "पयल्या पयल्यान जडच लागता, बाय. हात बसाक होयो."

ती हात बसवत राहिली. दांडा कसाबसा झाला. चुलती कुंपणावरून डोकावून जायची. "काय गो आवडे, पळी करतंस की काटकी सोलतंस?" आवडा हसायची. मग चुलती गेल्यावर स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघत बसायची. सोनू ते ओटीवरून बघे. बोट तर शाबूत आहे ना, एवढंच त्याच्या मनात.

नवमीला पाच दिवस उरले. वाटी कोरायची होती आणि सुरी लाकडात शिरत नव्हती. आवडाने पळी डाव्या तळव्यात घट्ट धरली आणि अंगाचा सगळा जोर देऊन सुरी रेटली. धारेची सुरी लाकडात थांबली असती. ही सटकली आणि तळव्यात आली. धारदार पात्याची जखम सरळ असते, जुळून येते. या पात्याने तळवा फाडला, आतल्या शिरा ओरबाडल्या. वैदूने पाला बांधला, गावाने नवस बोलले. पण हात मिटला तो मिटलाच, चारही बोटं आत वळून राहिली.

नवमीच्या आदल्या दिवशी बाबली लोहार पूजेआधी हत्यारं बघायला आला. घरोघर जायचा, तसा इथेही आला. आईची सुरी त्याने उचलली, उजेडाकडे धरली, पुन्हा धरली.

"मेस्त्र्यांनु, हिची धार गेलली नाय," तो म्हणाला. "ही कोणी घासून मारलेली आसा."

सोनू जमिनीकडे बघत राहिला. आवडा दारात उभी होती. तिने आधी लोहाराकडे, मग बापाकडे पाहिलं.

"मगे माझो हात वायट नव्हतो?"

बाबलीने सुरी खाली ठेवली आणि पुढच्या घरी निघून गेला.

मान चुलतघरी गेला. अर्धी पळी आवडाने शिवणीला टांगली. सोनूने त्या सुरीला पुन्हा धार लावली नाही. पुढच्या नवमीला त्याने घरातल्या सगळ्या सुऱ्या या शिळेवर आणून मांडल्या, त्यांतच ती बोथट. ज्याला शिकायचं त्याने स्वतः निवडावी, असं म्हणाला, आणि धारेचा दगड पहिल्या दिवसापासून शिकणाऱ्याच्या हाती दिला. पण पोरं पुढे आली की कोण कुठली उचलतं हे बघायला त्याची मान वळायची. तेव्हा आवडा यायची, चांगल्या हाताने त्याचा खांदा धरायची आणि त्याला पाठमोरं उभं करायची. बापलेक एका घरात राहिली, जेवणखाण, गुरंढोरं, सगळं बोलली. मात्र "बाबा, हे बरोबर आहे का?" असं तिने त्याला पुन्हा कधीच विचारलं नाही, म्हणे.

आजही शिळेवरच्या सात सुऱ्यांत एक बोथट असते. ती उचलणाऱ्याला वर्षभर थांबावं लागतं. त्याला एक अर्धी पळी देतात, झाडाला टांगायला. आजही बापाला शिकणारं पोरच खांदा धरून फिरवतं. आणि त्या पाठमोऱ्या रांगेत दरवर्षी एखादा बाप असतोच, असं जाणते लोक सांगतात, जो डोळे मिटून देवीला विनवत असतो, की माझ्या पोराच्या हाती ती बोथटच येऊ दे.